शिवी, ठोसा आणि तुटलेला दात

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नागपूरचे ऊन तापलेले, कोर्टाला सुटी आणि मी ऑफिसात जुन्या फाईली चाळत बसलेलो. माझी भाची आली. नववीचा निकाल लागून दोन दिवस झाले होते. माठातले पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामाजी, मला मारामारीचा क्लास लावायचा आहे. कराटे लावू, तायक्वांदो लावू की बॉक्सिंग?"

वकिलाच्या तोंडात पहिला प्रश्न येतो तोच आला. "कोणी काही केले का?"

"केले नाही कोणी. वर्गातली पोरे मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने घाण पाठवतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीवरून टोमणे मारतात. मी उत्तर देते. पण समोरच्याने आवाज चढवला की माझे पाय कापतात. ते मला आवडत नाही."

मित्रहो, या मुलीला कोणाला मारायचे नव्हते. तिला स्वतःच्या कापणाऱ्या पायांचा राग आला होता. मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण ते पाय मला ओळखीचे होते.

मी १९९६ साली बारावीत होतो. त्याआधी दोन वर्षे शाळेच्या मैदानावर कराटे शिकलो होतो. आमच्या पिढीला ब्रूस लीचे वेड व्हिडिओ कॅसेटवरून लागलेले. इची, नी, सान असे जपानी आकडे मोजत आम्ही पन्नास पोरे हवेत ठोसे मारायचो. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी आणि नव्या रंगाचा पट्टा. माझा पट्टा हिरवा झाला तेव्हा आईने तो शेजाऱ्यांना दाखवला होता. मग एका संध्याकाळी बस स्टँडवर तिघांनी मला नाव विचारले, आडनाव विचारले, आणि 'जयभीमवाला का रे' म्हणून कानाखाली एक ठेवून दिली. माझा हिरवा पट्टा, माझा काता, माझी ती फिरती लाथ कुठे गेली ते मला आजही सांगता येत नाही. मी पुतळ्यासारखा उभा राहिलो. तिघे हसत निघून गेले. दोन वर्षांत मला कोणी तोंडावर मारलेच नव्हते! मारायचे कसे हे मला शिकवले होते. मार लागल्यावर काय होते, डोळ्यापुढे काजवे चमकतात तेव्हा श्वास कसा घ्यायचा, हे कोणी शिकवले नव्हते.

भाचीचा प्रश्न मी विहारात बोलून दाखवला तेव्हा दोन आक्षेप आले. एक उपासक म्हणाले, "पंचशील घेणाऱ्या घरात ठोसे शिकवता?" दुसरे म्हणाले, "आपले शस्त्र लेखणी. पोरीला स्पर्धा परीक्षेला बसवा." दुसऱ्याचे मला पटते, पण अर्धेच. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. ज्योतिबा फुले त्यांच्याकडे दांडपट्टा शिकले. याच लहुजींनी पुढे फुल्यांच्या शाळेसाठी मुले गोळा करून दिली. त्यांच्याच कुटुंबातल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. तालीम आणि शाळा यांच्यात भांडण लावायचे कारण नाही. आणि समता सैनिक दल बाबासाहेबांनीच उभे केले, ते काही कवायतीची हौस म्हणून नव्हे. राहिला पंचशीलाचा प्रश्न. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ज्यांनी वाचला आहे त्यांना माहीत आहे की बाबासाहेबांनी अहिंसेच्या चर्चेत हिंसेची इच्छा आणि हिंसेची गरज यांत फरक केला. तो फरक न करता पंचशील पाठ म्हणणे सोपे असते, विशेषतः ज्याला कधी कोणी कानाखाली मारलेली नाही त्याला.

पण माझी खरी भीती वेगळी होती. ती कोर्टात शिकलेली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक १९ वर्षांचा मुलगा आला. पानटपरीवर त्याला जातीवरून शिवी दिली गेली. त्याने एक ठोसा मारला. एकच. समोरच्याचा पुढचा दात तुटला. शिवी कोणी ऐकली? टपरीवाल्याने ऐकली नाही, बाकीचे घरी गेले. दात मात्र सरकारी दवाखान्याच्या कागदावर आला. भारतीय दंड संहितेत हाड मोडणे किंवा दात तुटणे ही 'गंभीर दुखापत' होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे. तेव्हाचे कलम ३२५, आताचे कलम ११७. शिक्षा सात वर्षांपर्यंत. अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेला मुलगा ठाण्यातून आरोपी होऊन बाहेर आला. पोलीस भरतीची तयारी करत होता तो. चारित्र्य पडताळणीच्या रकान्यात काय लिहायचे हे विचारायला तो माझ्याकडे तीन वेळा आला.

स्वसंरक्षणाचा अधिकार आपल्याला आहेच. जुन्या कायद्यात कलम ९६ ते १०६, नव्यात ३४ ते ४४. शरीरावर हल्ला होण्याची वाजवी भीती निर्माण झाली की तो सुरू होतो आणि भीती संपली की संपतो. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हेही स्पष्ट केले की हल्ला होत असताना माणसाने भेकडासारखे पळूनच जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही आणि त्या क्षणी त्याने वापरलेले बळ गुंजभर इकडे-तिकडे झाले म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. हे सगळे आपल्या बाजूचे आहे. पण एक गोष्ट आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. हा अधिकार अंगावर येणाऱ्या हाताविरुद्ध आहे, तोंडातून येणाऱ्या शिवीविरुद्ध नाही! जातीवाचक शिवी लोकांच्या नजरेसमोर दिली तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यासाठी फिर्याद आहे, विशेष न्यायालय आहे. ठोसा नाही. अचानक आणि गंभीर चिथावणी म्हणून शिक्षा कमी होऊ शकते, एवढेच. आपल्याला चिथावणारे हे पक्के ओळखून असतात. शिवी हवेत विरते, दात पंचनाम्यात येतो.

म्हणून भाचीसाठी क्लास शोधताना माझ्या मनात दोन कसोट्या होत्या. तिथे मार खाऊन उभे राहायला शिकवतात का? आणि पहिला ठोसा लागल्यावर दुसरा आवरायला शिकवतात का? कलेचे नाव त्यानंतर.

कुस्ती आपली, लाल मातीची, शाहू महाराजांनी तिला कोल्हापुरात राजाश्रय दिला. पण ती धरपकडीची विद्या. भाचीने हाता-पायाने मारण्याच्या कला विचारल्या होत्या, म्हणून त्यांच्यापुरतेच बोलतो.

कराट्यावर माझा राग असेल असे वाटेल. नाही. कराटे ओकिनावातून आले. गिचिन फुनाकोशी नावाच्या शाळामास्तरांनी १९२२ मध्ये ते जपानच्या मुख्य भूमीवर दाखवले. शस्त्रे काढून घेतलेल्या गरीब शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला ही कला शोधली, ही गोष्ट आपल्या सभांतही मी ऐकली आहे. ऐकायला फार गोड! पण ओकिनावाच्या ज्या जुन्या गुरूंची नावे सापडतात त्यांतले बहुतेक तिथल्या सरदार-दरकदारांच्या घरातले होते. शोषितांची कला म्हणून कराटे निवडायचे असेल तर पाया कच्चा आहे. स्पर्धेतल्या कराट्यात मात्र एक गोष्ट मला वकील म्हणून फार आवडते. ठोसा लागला पाहिजे पण आवरलेला पाहिजे. टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत, ७ ऑगस्ट २०२१ ला, सौदी अरेबियाचा तारेग हमेदी पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेजवळ अशी बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद केले. जो स्ट्रेचरवरून बाहेर गेला त्याला सुवर्णपदक! पाहणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. मी मात्र ती चित्रफीत दोन-तीनदा पाहिली. 'गरजेपेक्षा जास्त इजा' हे शब्द इतक्या स्पष्ट मी कुठल्याही निकालपत्रात पाहिलेले नाहीत.

क्योकुशिन हा कराट्याचाच एक कडक प्रकार आहे. त्यात अंगावर खरेखुरे ठोसे आणि लाथा बसतात, पण हाताने तोंडावर मारायला बंदी. तायक्वांदो कोरियाचे, पायांचे राज्य. लाथ डोक्यावर चालते, गुद्दा फक्त छातीच्या कवचावर. उंच, लवचिक आणि वजनाने हलक्या मुलींना ते पटकन जमते आणि २००० च्या सिडनीपासून ते ऑलिम्पिकमध्ये टिकून आहे. कराटे मात्र टोकियोत एकदा आले आणि पॅरिसला वगळले गेले. हा तपशील पालकांनी लक्षात ठेवावा. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. गल्लीतल्या अकादमीने छापलेला ब्लॅक बेल्ट तिथे रद्दीच्या भावाचा. आपल्या वस्तीतली माउली धुण्या-भांड्याच्या पैशातून पट्ट्याच्या फिया भरते, तिला हे कोणी सांगावे?

थायलंडचे मुए थाय म्हणजे मुठी, कोपर, गुडघे, नडगी असे आठ अंगांचे युद्ध. आपल्याकडच्या नव्या जिममध्ये तेही आले आहे. शिकायला वाईट नाही. पण त्या देशात गरिबांची मुले आठव्या वर्षापासून बिदागीसाठी लढतात. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथे १३ वर्षांचा एक मुलगा सामन्यात डोक्याला मार लागून मेला. तोवर तो १७० हून जास्त लढती लढला होता, घर चालवायला. गरिबाच्या मुलाच्या अंगावर दुसऱ्यांनी पैजा लावायच्या, ही रीत ओळखायला आपल्याला थायलंडला जायची गरज नाही.

आणि बॉक्सिंग. इथे मला मुहम्मद अलीची आठवण येणारच. ज्या चळवळीने ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली तिचा मी कार्यकर्ता. १९५४ मध्ये लुईव्हिल गावात बारा वर्षांच्या काळ्या पोराची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढतो म्हणत तो रडत पोलिसाकडे गेला. तो पोलीस, जो मार्टिन, फावल्या वेळात बॉक्सिंग शिकवायचा. तो म्हणाला, आधी लढायला तर शीक. पुढचे सर्वांना माहीत आहे. पण मला त्याची सर्वांत मोठी लढत रिंगणातली वाटत नाही. १९६७ मध्ये त्याने व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला, किताब गमावला, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ती रद्द केली. त्या साडेतीन-चार वर्षांत त्याने कोणाला ठोसा मारून प्रश्न सोडवला नाही. आपल्याकडे मणिपूरच्या कोम आदिवासी समाजातल्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आईबापांच्या मुलीने, मेरी कोमने, २०१२ मध्ये लंडनला कांस्य आणले. महिलांचे बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आले तेच पहिले वर्ष. आसामची लव्हलिना बोर्गोहेन सुरुवातीला मुए थाय शिकली आणि तिथून बॉक्सिंगकडे आली. टोकियोचे कांस्य तिचे. म्हणजे किशोरवयात निवडलेली कला बदलता येते, ती काही लग्नगाठ नाही.

बॉक्सिंगची दुसरी बाजू लपवणार नाही. या खेळात डोक्यावर ठोसा हे उद्दिष्टच असते. अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्र निवेदन काढून मुलांनी आणि किशोरांनी बॉक्सिंग खेळू नये असे सांगितले. अलीचे थरथरते हात आपण पाहिले आहेत. ज्या डोक्याने आपल्या पोरांना दहावी, बारावी, एमपीएससी काढायची आहे ते डोके ठोशांखाली द्यायचे का? हा प्रश्न मला आजही छळतो.

मध्येच एक विषय निघाला तो सांगतो. विहारातला एक तरुण म्हणाला, "सर, कराटे, कुंगफू सगळे आपलेच. बोधिधम्म भिक्खूने शाओलिनला शिकवले. बौद्ध म्हणून आपण तेच शिकायला पाहिजे." मलाही हे खरे निघाले असते तर आनंद झाला असता. पण पुरावा काय? शाओलिनच्या भिक्खूंनी इसवी सन ६२१ मध्ये लढाईत भाग घेतला हे तिथल्या ७२८ च्या शिलालेखावरून कळते. त्यात बोधिधम्माने युद्धकला शिकवली असे काही नाही. त्याच्या नावावर सांगितला जाणारा व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या दशकातच ही दंतकथा खोडून काढली. ऐकीव पुरावा समोरच्याने आणला तर आपण कोर्टात उभे राहून हरकत घेतो, मग स्वतःच्या सोयीचा ऐकीव पुरावा कसा चालवून घ्यायचा? पुराणे रचणाऱ्यांवर टीका करायची आणि आपली नवी पुराणे रचायची, हे बुद्धाच्या अनुयायाला शोभत नाही. तरुण जरा नाराज झाला. पण आता तो ग्रंथालयात दिसतो.

असो. मी आणि भाची एका आठवड्यात तीन ठिकाणी जाऊन बसलो. फी भरायची नाही, फक्त पाहायचे.

पहिला कराट्याचा वर्ग. भिंतभर आरसे, एसी, पट्ट्यांप्रमाणे फीचा छापील तक्ता. मुलांनी सरांच्या पायाला हात लावूनच आत यायचे. भाचीने विचारले, "खरा सराव कधी असतो, समोरासमोरचा?" सर मला म्हणाले, "मुलगी फार प्रश्न विचारते." आम्ही उठलो. चांगले कराटे शिकवणारे पुष्कळ आहेत, हे त्यांपैकी नव्हते.

दुसरा तायक्वांदोचा, महापालिकेच्या शाळेच्या मैदानावर. शिकवणारी बाई तिशीतली, स्वतः राज्य पातळीवर खेळलेली. पोरे हसतखेळत लाथा शिकत होती, कवच घालून एकमेकांना मारत होती. मारून झाले की वाकून नमस्कार. मला ते फार आवडले. डोक्यावर गुद्दा नाही, फी परवडणारी, घरापासून दहा मिनिटे. मी मनात निकाल देऊन टाकला होता.

तिसरा बॉक्सिंगचा. पत्र्याचे शेड, दोन फाटक्या बॅगा, बारा-तेरा पोरे, त्यांत चार मुली. कोच सैन्यातून निवृत्त झालेले. मी उलटतपासणी घ्यावी तसे त्यांना विचारले. समोरासमोरचा सराव कधी? सहा महिन्यांनी, तोही आधी फक्त अंगावर. डोक्याला मार लागला तर? त्या दिवशी घरी, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत रिंगणात नाही. बाहेर कोणी मारामारी केली तर? "नाव कापतो. कोणी सुरू केली ते विचारतो, पण सुरू त्याने केली असेल तर कापतोच." स्पर्धेला उतरायची सक्ती आहे का? नाही.

परतताना भाची म्हणाली, "हेच लावायचे." मी तायक्वांदोचे गुण सांगितले. डोक्याचे धोके सांगितले, बालरोगतज्ज्ञांचे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामाजी, तुम्ही कोचशी बोलत होता तेव्हा त्या निळ्या टी-शर्टवाल्या मुलीला पोटात लागले. ती रडली. कोणी हसले नाही. रडत रडतच तिने राउंड पूर्ण केला. मला ते शिकायचे आहे."

वकिलाला कधी थांबायचे ते कळले पाहिजे. मी थांबलो. फक्त एक अट घातली की अठरा पूर्ण होईपर्यंत डोक्यावर ठोसे बसणारी स्पर्धा नाही. त्यानंतर तिचा निर्णय तिचा. अट तिने कुरकुरत मान्य केली. कोचनेही केली, थोडी नाराजीने.

घरी बहिणीने वेगळाच खटला उभा केला. "भाऊ, नाक मोडले, चेहरा बिघडला तर पोरीला करील कोण?" मी म्हटले, जो नाक पाहून करणार तो नकोच. ती म्हणाली, तुझे काय जाते बोलायला. तिचेही खोटे नव्हते. त्या घरात दोन दिवस कोणी माझ्याशी नीट बोलले नाही.

आता वर्ष होत आले. पहिले दोन महिने कोचने फक्त पायांची हालचाल करून घेतली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. भाची वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती की ठोसा कधी शिकवणार. मला मात्र हसू येत होते, कारण शाळेतल्या त्याच पोरांपैकी एकाने मध्यंतरी पुन्हा काही घाणेरडे पाठवले, तेव्हा तिने आवाज न चढवता त्याचा स्क्रीनशॉट काढला, मुख्याध्यापिकेकडे लेखी अर्ज दिला आणि अर्जाची पोच मागून घेतली. अर्जाचा मसुदा माझा नव्हता. पाय कापले का, असे मी विचारले. "कापले. पण मागे कसे घ्यायचे ते आता माहीत आहे."

गेल्या रविवारी बहिणीकडे गेलो तेव्हा गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होते. चहा समजून मी पाट ओढला. बहीण चिमट्याने पाण्यातून काहीतरी निळे, रबरी बाहेर काढत होती. दातांवर बसवायचे माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून लगेच चावायचे म्हणजे दातांचा साचा बसतो. भाची तोंड उघडून उभी होती.

"नीट दाब," बहीण म्हणाली. "दात तुटला तर बघ."